हँडिकॅप म्हणजे काय? मैत्रीच्या सामन्यांत दोन संघांची बरोबरी कशी साधायची

सुट्टीच्या दिवशी नांदेड किंवा लातूरच्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर सकाळी लवकर गेलात, तर टेनिस बॉलचे चार-पाच सामने एकाच वेळी चाललेले दिसतात. ऊन चढायच्या आत खेळ उरकायचा असतो. यातल्या बऱ्याच सामन्यांचा निकाल टॉसच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असतो. एका संघात तालुक्याच्या स्पर्धा खेळलेली तीन-चार पोरं असतात. दुसऱ्या संघात ऑफिसातून आलेले, दोन महिन्यांनी बॅट हातात घेतलेले लोक असतात. असे तीन-चार सामने झाले की हरणाऱ्या संघातला एकेक जण येईनासा होतो. पुढे जिंकणाऱ्यांनाही खेळायला कोणी उरत नाही.

हौशी संघ मोडण्यामागे अनेकदा भांडणापेक्षा हे साधे कारण असते: सामना एकतर्फी होतो. त्यावरचा जुना आणि जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे हँडिकॅप. तो काय आहे, कुठे चालतो आणि आपल्या गटासाठी कसा आखायचा, हे या लेखात पाहू.

हँडिकॅप या शब्दाचा अर्थ

खेळाच्या संदर्भात हँडिकॅप म्हणजे बलवान खेळाडूवर टाकलेले ठरावीक ओझे किंवा दुबळ्या खेळाडूला दिलेली ठरावीक सवलत. दोघांनाही जिंकण्याची खरी संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू. हा शब्द इंग्लंडमधल्या अदलाबदलीच्या एका जुन्या खेळातून आला. त्यात टोपीत हात घालून पैसे ठेवले जात आणि दोन वस्तूंच्या किमतीतला फरक तिसरा माणूस ठरवी. पुढे घोड्यांच्या शर्यतीत वेगवान घोड्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवण्याला हे नाव मिळाले.

गोल्फमध्ये याचे सर्वात सोपे रूप दिसते. समजा, मैदान ७२ फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित आहे आणि एका खेळाडूची सवलत १८ आहे. त्याने ९० फटके घेतले, तर त्याची निव्वळ नोंद ७२ धरली जाते. त्यामुळे नवशिका आणि मुरलेला खेळाडू एकाच सामन्यात खेळू शकतात.

आपल्याकडची जुनी पद्धत

शब्द परका असला तरी कल्पना आपल्याला नवी नाही. लहान मुलांच्या खेळातला लिंबूटिंबू हा हँडिकॅपच आहे. कुठे त्याला कच्चा लिंबू म्हणतात, कुठे दूधभात. सर्वात लहान भावंडाला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही किंवा तो बाद झाला तरी मोजायचे नाही, हा करार सगळे न भांडता पाळतात.

दुसरे उदाहरण यात्रेतल्या कुस्तीचे. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा असो की महाशिवरात्रीला भरणारी लातूरची सिद्धेश्वर यात्रा, कुस्तीच्या फडात आधी जोड लावली जाते. पंच आणि वस्ताद दोन्ही मल्लांचे वय, उंची, अंगलट आणि आधीच्या कुस्त्या पाहतात. जोड विजोड वाटली, तर कुस्ती लावत नाहीत. लहान पोरांच्या कुस्त्या आधी आणि नावाजलेल्या मल्लांच्या शेवटी होतात. यात सवलतीचा आकडा नसतो. बरोबरीचा प्रतिस्पर्धी शोधून देणे हाच इथला न्याय.

तिसरे उदाहरण गडी वाटून घेण्याचे. साधारण सारख्या ताकदीची दोन-दोन मुले जोडीने बाजूला जातात आणि आपसांत गुपचूप टोपणनावे ठेवतात, उदाहरणार्थ एक सूर्य आणि दुसरा चंद्र. मग दोघे दोन्ही कप्तानांपुढे येतात. कप्तान नाव निवडतो, पण त्यामागे कोण आहे हे त्याला माहीत नसते. प्रत्येक जोडीतला एक गडी एका संघात आणि दुसरा दुसऱ्या संघात जातो. जोडी मुलांनीच लावलेली असल्याने आतला फरक लहान असतो आणि तो कोणाच्या बाजूने पडेल हे नशिबावर राहते. कागद-पेन न वापरता संघ बरोबरीचे करण्याची याहून चांगली रीत सापडणे कठीण.

हँडिकॅपचे चार प्रकार

१. संघ वाटतानाच बरोबरी करणे. खेळाडू एकाच गटातले असतील आणि दर वेळी नवे संघ पाडायचे असतील, तर हाच प्रकार सर्वात चांगला. सामना सुरू झाल्यावर कुठलीही सवलत द्यावी लागत नाही.

२. गुणांची आघाडी देणे. संघ ठरलेले असतील, म्हणजे एक गल्ली विरुद्ध दुसरी किंवा एक ऑफिस विरुद्ध दुसरे, तर दुबळ्या संघाच्या खात्यावर आधीच काही धावा किंवा गुण मांडायचे.

३. नियमांत फरक करणे. उदाहरणार्थ, फलंदाजाने ३० धावा केल्या की त्याने बाहेर बसायचे किंवा कोणालाही दोनपेक्षा जास्त षटके टाकू द्यायची नाहीत. हा नियम दोन्ही संघांना सारखाच असतो, पण त्याचा चटका बलवान संघाला जास्त बसतो.

४. खेळ चालू असताना आपोआप मिळणारी भरपाई. मागे पडलेल्या बाजूला पुन्हा उभे राहायची संधी खेळाच्या रचनेतच ठेवलेली असते.

चौथ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण कबड्डीत आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना त्यांनी चढाईपटूची पकड केली, तर त्यांना एक जादा गुण मिळतो. याला सुपर टॅकल म्हणतात. बोनस गुण मात्र समोर सहा किंवा सात बचावपटू असतानाच मिळतो. म्हणजे बचाव विरळ झाला की चढाई करणाऱ्याची ही सोपी कमाई बंद होते. लोण पडल्यावर समोरच्या संघाला दोन जादा गुण मिळतात, पण लोण बसलेल्या संघाचे सातही गडी पुन्हा मैदानात येतात. याशिवाय कबड्डीत वजनाची मर्यादा असते. प्रौढ पुरुष गटात ती ८५ किलो आणि महिला गटात ७५ किलो आहे. गावपातळीवर याहून हलक्या वजनी गटांचेही सामने भरतात.

पोलोकडून शिकण्यासारखे सूत्र

सांघिक खेळात आघाडी मोजण्याची जुनी आणि सुटसुटीत रीत पोलोत आहे. तिथे प्रत्येक खेळाडूला उणे २ ते १० असा दर्जा दिलेला असतो. संघातल्या चौघांच्या दर्जांची बेरीज म्हणजे संघाचा दर्जा. दोन संघांच्या दर्जांतला फरक काढायचा, त्याला खेळायच्या चक्करांच्या संख्येने गुणायचे आणि ६ ने भागायचे. येणारे उत्तर म्हणजे दुबळ्या संघाला आधीच मिळणारे गोल. अपूर्णांक आला, तर तो अर्धा गोल धरतात.

समजा, एका संघाची बेरीज १२ आणि दुसऱ्याची ८ आहे. फरक ४. सामना चार चक्करांचा असेल, तर ४ × ४ ÷ ६ म्हणजे २.६७, अर्थात अडीच गोलांची आघाडी. यातून आपल्याला घ्यायचा धडा असा की सामना जितका लहान, तितकी आघाडी लहान. आठ षटकांसाठी ठरवलेल्या धावा पाच षटकांच्या सामन्यात जशाच्या तशा देणे चूक आहे.

टेनिस बॉल क्रिकेटसाठी हिशेब

आता दोन ठरलेल्या संघांसाठी आकडे मांडून पाहू. सामने आठ षटकांचे आहेत आणि दोन्ही संघ परिसरातल्या साधारण त्याच त्या संघांशी खेळतात, असे धरू.

पहिली पायरी: प्रत्येक संघाच्या मागच्या किमान पाच सामन्यांची नोंद घ्या. केलेल्या धावांची सरासरी काढा आणि दिलेल्या धावांचीही काढा. पहिलीतून दुसरी वजा केली की संघाचा दर्जा मिळतो. अ संघ सरासरी ७६ धावा करतो आणि ६० देतो, म्हणून त्याचा दर्जा अधिक १६. ब संघ ५८ करतो आणि ६६ देतो, म्हणून उणे ८.

दुसरी पायरी: दोन दर्जांतला फरक काढा. इथे तो २४ आहे. म्हणजे हे दोघे समोरासमोर आले, तर अ संघ साधारण २४ धावांनी सरस ठरेल असा अंदाज.

तिसरी पायरी: या फरकाचा पाऊण भागच आघाडी म्हणून द्या. २४ चा पाऊण भाग १८. पूर्ण फरक देऊन टाकला, तर सराव करून सुधारलेल्या संघाला त्याचा काहीच लाभ उरत नाही. चांगल्या संघाला थोडी सरशी राहिली पाहिजे, नाहीतर चांगले खेळायचे कशासाठी, असा प्रश्न येतो.

चौथी पायरी: या धावा सामन्याआधीच फलकावर लिहा. अ संघाने आधी फलंदाजी करून ७४ धावा केल्या, तर ब संघाला जिंकायला ७५ हव्यात. त्यांच्या खात्यावर १८ आधीच आहेत, म्हणून बॅटने ५७ काढायच्या. सामना पाच षटकांचाच करायचा ठरला, तर २४ × ५ ÷ ८ म्हणजे १५, आणि त्याचा पाऊण भाग सुमारे ११.

इथे एक खाच आहे. पाठलाग करणारा संघ जिंकला की सामना तिथेच थांबतो. तो सहाव्या षटकात जिंकला तरी नोंदीत एक-दोन धावांचाच फरक दिसतो आणि त्याची खरी ताकद लपते. म्हणून सरावाच्या सामन्यांत उरलेली षटकेही खेळून घ्यावीत. ते जमत नसेल, तर असा सामना दर्जाच्या हिशेबातून वगळावा.

दर्जा बदलत ठेवणे

एकदा लावलेला दर्जा वर्षभर चालवला, तर तो निरुपयोगी होतो. परीक्षा जवळ आल्या की मुले खेळायची थांबतात. लातुरात शिकवणीसाठी बाहेरगावाहून आलेली मुले सत्र संपले की परत जातात आणि संघच बदलतो. म्हणून प्रत्येक सामन्यानंतर आकडा थोडा हलवावा. हीच कल्पना बुद्धिबळात अर्पाड एलो यांनी मांडली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये ती स्वीकारली. अपेक्षेपेक्षा चांगला खेळ झाला की गुणांकन वाढते, वाईट झाला की घटते.

आपल्या उदाहरणात अ संघ २४ धावांनी सरस ठरेल असा अंदाज होता. आघाडीच्या धावा बाजूला ठेवून पाहिले, तर तो प्रत्यक्षात ९ धावांनीच सरस ठरला. अंदाज १५ ने चुकला. या १५ चा दहावा भाग, म्हणजे दीड, अ च्या दर्जातून वजा करा आणि ब च्या दर्जात मिळवा. अ आता १४.५ आणि ब उणे ६.५. नवा फरक २१, आणि पुढच्या सामन्याची आघाडी सुमारे १६ धावा. एखाद्या दिवशी संघ भलताच कोसळला, तर त्या एका दिवसाने आकडा बिघडू नये म्हणून एका सामन्यातला बदल जास्तीत जास्त तीन धावांचा ठेवावा.

मुद्दाम कच्चे खेळणाऱ्यांचे काय?

आघाडी मिळते म्हटल्यावर काही संघ साध्या सामन्यांत ढिले खेळून दर्जा पाडतात आणि महत्त्वाच्या सामन्यात खरा खेळ दाखवतात. गोल्फमध्ये यावर उपाय आहे. २०२० पासून लागू असलेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वात चांगल्या आठ फेऱ्यांचीच सरासरी धरली जाते. मुद्दाम वाईट खेळलेल्या फेऱ्या त्यामुळे बहुतेक गळून पडतात. आपल्यालाही शेवटच्या दहा सामन्यांतले सर्वात चांगले पाच धरता येतील. मात्र ही रीत सर्व संघांना सारखीच लावावी.

दुसरी पळवाट म्हणजे बाहेरून आणलेला खेळाडू. आठवडाभर नेहमीचा संघ आणि रविवारी अचानक एक अनोळखी तेज गोलंदाज, हा अनुभव सगळ्याच मैदानांवर येतो. त्यावर एक साधा नियम करता येतो: नव्या खेळाडूला पहिले तीन सामने त्या संघातल्या सर्वात चांगल्या खेळाडूइतका धरायचा आणि आघाडी त्यानुसार कमी करायची.

संघ पाडताना अदलाबदलीचा क्रम

दोन कप्तानांनी आळीपाळीने एकेक गडी निवडला, तर पहिल्याचा फायदा होतो. आठ खेळाडूंना १० पासून ३ पर्यंत दर्जा दिला आहे असे समजा. आळीपाळीने निवडल्यास पहिल्याकडे १०, ८, ६, ४ म्हणजे २८ आणि दुसऱ्याकडे ९, ७, ५, ३ म्हणजे २४ जमतात. त्याऐवजी पहिल्याने एक, दुसऱ्याने दोन, पहिल्याने दोन, दुसऱ्याने दोन आणि शेवटचा पहिल्याने, असा क्रम ठेवा. आता पहिल्याकडे १०, ७, ६, ३ आणि दुसऱ्याकडे ९, ८, ५, ४. दोन्हीकडे २६.

एखादा खेळाडू इतरांपेक्षा फारच सरस असेल, तर हा क्रमही पुरत नाही. मग बोली लावावी. त्याला आपल्याकडे घेण्यासाठी समोरच्या संघाला किती धावा देऊ, हा आकडा दोन्ही कप्तानांनी चिठ्ठीवर लिहायचा. एकाने १२ आणि दुसऱ्याने ८ लिहिल्या, तर १२ लिहिणाऱ्याला खेळाडू मिळतो आणि समोरच्याला दोन्हींची सरासरी, म्हणजे १० धावा मिळतात. एकाला तो खेळाडू त्याच्या मते स्वस्तात पडला. दुसऱ्याला त्याच्या मते धावा जास्त मिळाल्या. तक्रारीला जागा राहत नाही.

गडी विषम असतील, म्हणजे सात विरुद्ध सहा, तर कमी गडी असलेल्या संघातल्या एकाला दोनदा फलंदाजी द्यावी किंवा शेवटच्या फलंदाजाला एकट्याने खेळू द्यावे. षटके आणि शिल्लक गडी मिळून संघाची साधनसंपत्ती होते, हा विचार पावसाने अडलेल्या सामन्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या डकवर्थ-लुईस पद्धतीचा पाया आहे. ती आंतरराष्ट्रीय सामन्यात पहिल्यांदा १९९७ मध्ये वापरली गेली. ती हँडिकॅप नव्हे, पण एक गडी कमी असण्याची किंमत धावांत मोजता येते हे तिने दाखवून दिले.

सर्वांना खेळ मिळावा यासाठी

निकाल बरोबरीचा झाला तरी सहा-सात जण नुसतेच क्षेत्ररक्षण करून घरी गेले, तर गट टिकत नाही. बंदिस्त जागेतल्या इनडोअर क्रिकेटमध्ये यावर नेमका तोडगा आहे. संघ आठ जणांचा आणि डाव १६ षटकांचा. फलंदाज जोडीने उतरतात आणि प्रत्येक जोडी चार षटके खेळतेच. बाद झाल्यावर बाहेर जावे लागत नाही, पण संघाच्या पाच धावा कापल्या जातात. प्रत्येक खेळाडूला दोन षटके टाकावीच लागतात. जाळी लावलेल्या टर्फवर ताशी भाडे भरून खेळणाऱ्या गटांना हा नियम जसाच्या तसा उचलता येईल. पैसे सगळ्यांनी सारखे भरले असतील, तर खेळही सगळ्यांना मिळायला हवा.

सवलत देताना पाळायचा सर्वात महत्त्वाचा नियम असा: ती संघाच्या खात्यावर लिहावी, माणसाच्या कपाळावर लिहू नये. मुलीने मारलेल्या धावा दुप्पट धरू किंवा काकांना हळू चेंडू टाका, अशा सवलती चांगल्या मनाने दिल्या जातात, पण ज्याला मिळतात त्याला त्या टोचतात. शिवाय त्या चुकीच्याही ठरतात. नियमित सराव करणारी मुलगी वर्षातून एकदा खेळणाऱ्या तरुणापेक्षा सरस असू शकते. दर्जा वय किंवा लिंग पाहून न लावता मागच्या खेळावरून लावावा.

हँडिकॅप कुठे वापरू नये?

बक्षिसाच्या खुल्या स्पर्धा, निवड चाचण्या आणि शालेय स्पर्धा यांत गुणांची आघाडी देऊ नये. तिथे सर्वात चांगला कोण हेच शोधायचे असते. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट असतात. म्हणजे तिथेही बरोबरी साधली जाते, पण गट पाडून. हॉकी किंवा फुटबॉलसारख्या कमी गोल होणाऱ्या खेळांतही जपून वागावे. तिथे एका गोलाची आघाडीसुद्धा फार मोठी ठरते. गोल देण्यापेक्षा संघ मिसळून पाडणे किंवा बलवान बाजूचा एक गडी कमी ठेवणे बरे.

सुरुवात करण्यापूर्वी

१. पद्धत हंगाम सुरू होण्याआधी ठरवा. सामना चालू असताना किंवा हरल्यावर ती बदलू नका.

२. हिशेब कोणालाही तोंडी करता येईल इतका सोपा ठेवा. न समजणाऱ्या आकड्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत.

३. धावांची वही एकाकडेच ठेवा आणि पान सगळ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका.

४. दर्जा ठरवणारी व्यक्ती शक्यतो न खेळणारी असावी. ते जमत नसेल, तर दोन्ही संघांतला एकेक जण असावा.

५. दहा-बारा सामन्यांनंतर आढावा घ्या. दुबळा मानलेला संघ त्यातले तीन-चार जिंकत असेल आणि बरेचसे सामने शेवटच्या षटकापर्यंत जात असतील, तर आकडा ठीक आहे. तो एकही जिंकत नसेल, तर आघाडी वाढवा. निम्म्याहून बरेच जास्त जिंकत असेल, तर कमी करा. दहा सामन्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो, म्हणून एकदम मोठा बदल करू नका.

६. आघाडी घेऊन मिळालेला विजय हा विजयच माना. त्यावरून टोमणे मारायचे नाहीत, हेही पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.